नाच्याचा साचा

जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतारी मंडळींचा खेळ रंगतो, तेव्हा राणीच्या वेषातील नट पुरुष आहे हे लहान पोरासही ठाऊक असते. तरी तिच्या विलापाने बायाबापड्या डोळे पुसतात. हसत कोणी नाही. बालगंधर्वांच्या साडी नेसण्याच्या धाटणीचे अनुकरण तर घरंदाज स्त्रियांनीच केले. वेष नटाचा, स्वभाव माणसाचा, हा विवेक आपल्या प्रेक्षकाजवळ होता. तमाशापटाने तो पुसला, अशी आमची तक्रार आहे.

तमाशापटातील नाच्या मुरकतो, लाडिक बोलतो, आणि आपण हसावे एवढ्यासाठीच तेथे असतो. गणपत पाटलांनी ही भूमिका इतकी हुबेहूब वठविली की, त्या संसारी गृहस्थाच्या पुरुषत्वाविषयीच लोक शंका घेऊ लागले. २०१० सालच्या ‘नटरंग’ या चित्रपटाने ही व्यथा पुढे आणली. पैलवानी देहाचा गुणा, दुसरा कोणी तयार होईना म्हणून नाच्या होतो आणि गाव व घर दोन्हींना पारखा होतो. चित्रपट चांगलाच आहे. परंतु आपली सारी सहानुभूती गुणा ‘तसा’ नाही या एका गोष्टीवर उभी आहे. जो खरोखरीच ‘तसा’ असेल, त्याची विटंबना मग रास्त काय?

समलिंगी तरुण हे चित्र पाहतच वाढतो. कोणी त्या साच्यात स्वतःस बसवू पाहतो, कारण आपल्यासारख्याचे दुसरे चित्र त्याने पाहिलेलेच नसते. कोणी त्याच्या भयाने आवाज जाड करतो, चाल ताठ ठेवतो. ‘तू तसा वाटत नाहीस हो!’ हे वाक्य शहाणीसुरती माणसेही कौतुक म्हणून ऐकवितात. (मृदू स्वभावाच्या इतर मुलांनाही हा जाच चुकत नाही, हे वेगळेच.) २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला; हसण्यावर न्यायालयाचा इलाज नाही.

तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली, हे धैर्य थोर. तथापि त्यांची मित्रा चालण्याबोलण्यात पुरुषी आहे, नाटकातल्या नाटकात पुरुषाचीच भूमिका करते, आणि अखेर जीव देते. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री पुरुषीच असावयाची, आणि तिला जगणे नाही! साचा मोडला नाही, फक्त उलटा झाला.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही छोटी कादंबरी आम्हांस याहून मोलाची वाटते. पुण्यातील एका घरात तनय आणि त्याची बहीण अनुजा एकाच भाडेकरूवर प्रेम करतात. भाडेकरूला लेखकाने नावसुद्धा दिलेले नाही. तनय हास्यास्पद नाही, हुतात्माही नाही. आपल्या शेजारच्या घरात असावा तसा मुलगा आहे. अनुजा त्या माणसाबरोबर निघून जाते, फसून परत येते, आणि सारे घर तिच्या काळजीत बुडते. तनयचे दुःख तेच आहे, माणूसही तोच. त्याला मात्र कोणी काही विचारीत नाही, कारण त्याने काही गमावले आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.