‘ब्रॉडकास्ट’ : शेतांतून आकाशाकडे

इंग्रजी क्रियापदांचे लाक्षणिक अर्थ आपण आधीं शिकतों. वाच्यार्थ पुष्कळदां शिकतच नाहीं. ‘ब्रॉडकास्ट करणें’ हें याचें ठळक उदाहरण होय. हा शब्द कानीं पडतांच सुशिक्षितांस रेडिओ आठवतो. परंतु त्याचें जन्मस्थान शेत आहे. ‘ब्रॉड’ म्हणजे विस्तृत, ‘कास्ट’ म्हणजे फेकणें. मुठींत बीं घेऊन चालतां चालतां तें रानभर उधळावयाचें, ही ती मूळ क्रिया. आपला शेतकरी हिला ‘बीं फोकणें’ म्हणतो. अठराव्या शतकांत हा इंग्रजी शब्द पेरणीचें विशेषण म्हणून रूढ होता. पुढें वार्ता किंवा मत चोहोंकडे पसरविण्यास तो लावण्यांत आला, आणि १९२२ सालीं लंडनमध्यें ‘ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी’ स्थापन झाली तेव्हांपासून तो बिनतारी यंत्राचाच झाला.

हें रूपक विलक्षण यथार्थ आहे. पाभरीनें पेरणाऱ्यास बीं कोणत्या ओळींत पडलें हें ठाऊक असतें. टोकणारा तर एकेक दाणा हातानें मातींत घालतो. फोकणाऱ्याच्या हातीं मात्र फेकणें तेवढें असतें. बायबलांतील पेरणाऱ्याच्या दृष्टांतांत कांहीं बीं वाटेवर पडतें, कांहीं खडकावर, कांहीं कांट्यांत आणि कांहीं सुपीक भुईंत. म्हणजे पीक येणें न येणें श्रोत्याच्या मनोभूमीवर अवलंबून आहे, हा विनय त्या शब्दांतच सांठविलेला आहे.

आतां आपले प्रतिशब्द पाहावेत. ‘प्रक्षेपण’ या शब्दांत फेकणें राहिलें, बीं मात्र गळालें. प्रक्षेपण अस्त्राचेंही होतें, आणि अस्त्र जमिनीचा कस पाहत नाहीं. ‘आकाशवाणी’ हा शब्द निःसंशय सुंदर आहे. १९३५ सालीं म्हैसूरच्या एका खासगी केंद्रानें तें नांव धारण केलें आणि पुढें ‘ऑल इंडिया रेडिओ’नेंही तें स्वीकारलें. परंतु पुराणांतील आकाशवाणी देवकीचा आठवा पुत्र कंसाचा काळ होईल असें सांगते, तेव्हां तिला प्रत्युत्तर नसतें. ऐकावें आणि भ्यावें, एवढेंच श्रोत्याच्या हातीं उरतें. इंग्रजी शब्दानें जेथें शेतकरी उभा केला, तेथें आम्हीं देवता बसविली. लक्षणा पालटली आणि तिच्याबरोबर वक्ता व श्रोता यांचें नातेंही पालटलें.

यावर कोणी म्हणेल कीं, बोलतांना व्युत्पत्ति कोण आठवतो? हा वाद आपल्या साहित्यशास्त्रांत जुना आहे. कुश कापून आणणारा तो ‘कुशल’; निपुण या अर्थीं तो शब्द रूढिलक्षणेनें येतो, असें मम्मट मानतो. विश्वनाथास हें मान्य नाहीं. शब्दाची व्युत्पत्ति वेगळी आणि त्याच्या प्रयोगाचें निमित्त वेगळें, असें तो म्हणतो. रुळलेला शब्द वापरणाऱ्यापुरतें विश्वनाथाचें म्हणणें खरें आहे. परंतु नवा शब्द घडविणाऱ्यास मम्मटाकडेच जावें लागतें. कारण तो कोणतें चित्र निवडतो, यावर त्या शब्दाची पुढची वृत्ति ठरते.

‘आकाशवाणी’ आतां रुळली आहे. ती काढून टाकावी असें आमचें म्हणणें नाहीं. परिभाषा रचणाऱ्यांनीं मात्र संस्कृत कोश उघडण्यापूर्वीं एकदां आपल्या शेतकऱ्यास विचारावें. ‘फोकणें’, ‘टोकणें’ यांसारखीं क्रियापदें त्याच्या तोंडीं अद्याप जिवंत आहेत.