कसरत आणि वाद्यवृंद : एका साहचर्याची चिकित्सा

१

भिन्न माध्यमांतील दोन कला एकाच वेळी प्रेक्षकांपुढे आल्या म्हणजे त्यांचा परस्परसंबंध कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्न समीक्षेपुढे उभा राहतो. नृत्य आणि संगीत, काव्य आणि गायन, नाटक आणि त्यातील पदे यांच्या संबंधाविषयी मराठीत पुष्कळ चर्चा झालेली आहे. सर्कशीतील कसरत आणि तिच्या जोडीने वाजणारा वाद्यवृंद मात्र ह्या चर्चेच्या बाहेरच राहिला. सर्कस ही करमणूक आणि तिचे संगीत हा गोंगाट, असे सुशिक्षितांचे मत फार पूर्वीपासून बनलेले आहे, हे त्याचे उघड कारण होय. परंतु हे मत तपासल्यावाचून स्वीकारण्याजोगे नाही. रिंगणात संगीताला जे कार्य करावे लागते ते मैफलीत किंवा रंगभूमीवर त्याच्या वाट्याला क्वचितच येते. मैफलीत सम चुकली तर रसभंग होतो. झोक्यावर ती चुकली तर माणूस खाली पडतो.

ह्या साहचर्यात पुढारपण कोणाचे, शरीराचे की संगीताचे, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना सर्कशीच्या तंबूत शिरण्यापूर्वी तंबूबाहेरच्या एका जुन्या खेळाकडे पाहणे आवश्यक आहे.

२

जळगाव आणि धुळे ह्या जिल्ह्यांतील आठवडे बाजारांना व यात्रांना डोंबाऱ्याचा खेळ अपरिचित नाही. बांबूंच्या दोन तिकाटण्या, त्यांवर ताणलेली दोरी, हातात आडवी काठी धरून दोरीवर चालणारी मुलगी आणि खाली बसून ढोलके वाजवणारा तिचा बाप किंवा भाऊ, एवढीच ह्या खेळाची सामग्री. येथे रागदारी नाही, बहुधा गाणेही नाही. तथापि कसरत आणि वादन यांच्या संबंधाचे मूळ रूप येथेच स्वच्छ दिसते. मुलगी चालत असते तोवर ठेका चालता राहतो. ती थबकली तर ढोलके बंद पडत नाही, जागच्या जागी घुमत राहते. तिने पुढचे पाऊल टाकले की ठेकाही पुढे सरकतो. वादकाची नजर वाद्यावर नसते, दोरीवर असते. ठेक्याचा धनी खाली बसलेला असला तरी लयीची धनीण वर चालत असते.

मराठी भाषेनेही ह्या खेळाची नोंद घेतलेली आहे. ‘कोलांटी’ किंवा ‘कोल्हांटी उडी’ हा शब्द कोल्हाटी ह्या जमातीच्या नावाशी जोडला जातो. दोरीवर, आणि पुढे तारेवर, चालणाऱ्यांकडून ‘तारेवरची कसरत’ हा वाक्प्रचार आला, आणि आज तो अंदाजपत्रक मांडणाऱ्या मंत्र्यापासून महिनाअखेरीस घर चालवणाऱ्या गृहिणीपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. शब्द प्रतिष्ठित झाले. ज्यांच्याकडून ते घेतले ते लोक मात्र महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या सूचीतच राहिले. कलाविचारानेही त्यांच्या बाबतीत हाच न्याय केला. शरीराकडे पाहून वाजवण्याची त्यांची पद्धत ही एक वाद्यपद्धती आहे, असे कोणाला वाटले नाही.

ह्याच तत्त्वाचे दुसरे उदाहरण खानदेशातच मिळते. नंदुरबार जिल्ह्यातील (१९९८ पूर्वी हा भाग धुळे जिल्ह्यात होता) सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो आणि तेथे नाचरे घोडे पाहावयास लोकांची गर्दी होते. घोडा वाद्याच्या तालावर नाचतो अशी पाहणाऱ्याची समजूत होते. वास्तविक घोडा लगामाच्या आणि टाचेच्या इशाऱ्यावर पाय उचलत असतो, आणि वाजवणारा त्या पावलांवर आपला ठेका बसवीत असतो. युरोपातील आणि अमेरिकेतील सर्कशींच्या बँडमास्तरांनाही हे गुपित ठाऊक होते. प्रेक्षकाला दिसणारा क्रम आणि प्रत्यक्षातील क्रम असे उलटे असतात, आणि ह्या कलेचा आभास त्यावरच उभा आहे.

३

घोड्याचा विषय निघाला म्हणजे भारतीय सर्कशीचे आद्य प्रवर्तक विष्णुपंत छत्रे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. सांगलीजवळच्या अंकलखोपचे हे गृहस्थ ग्वाल्हेरीस गेले ते गायन शिकण्याच्या ओढीने. तेथे त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या आणि हद्दूखाँ यांच्याकडे ख्यालगायन, अशा दोन्ही विद्या संपादन केल्या. पुढे कुरुंदवाड संस्थानच्या पागेवर असताना त्यांनी मुंबईत किआरिनी ह्या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहिली आणि १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ हे विपन्नावस्थेत भटकत असता विष्णुपंतांनी त्यांना आश्रय दिला आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेले. ‘भूगंधर्व’ म्हणून नावाजलेल्या ह्या गायकाचा सांभाळ विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी केला. १९२२ साली कुरुंदवाड येथे खाँसाहेब निवर्तले.

म्हणजे भारतीय सर्कशीच्या जन्मकाळी तिच्या मालकाच्या अंगी घोडा आणि ख्याल ह्या दोन्ही विद्या एकवटल्या होत्या, आणि त्या काळातील एक श्रेष्ठ आवाज तिच्या मुक्कामावर राहत होता. तरीही ख्याल रिंगणात उतरला नाही. खाँसाहेबांच्या मैफली निराळ्या होत आणि सर्कशीचे खेळ निराळे. आपल्या सर्कशींनी रिंगणासाठी पितळी वाद्यांचा आणि ड्रमचा विलायती धर्तीचा बँडच स्वीकारला. ह्याला अनुकरणप्रियता हे एकच कारण देणे उथळपणाचे होईल.

पहिले कारण ध्वनीचे आहे. ध्वनिवर्धक नसताना हजारो माणसांच्या तंबूत कॉर्नेट आणि ट्राँबोनच पोहोचू शकत. आलापीतील सूक्ष्म स्वरभेद पहिल्या रांगेपलीकडे गेले नसते. दुसरे कारण अधिक मूलगामी असून ते कालरचनेचे आहे. तालाचे आवर्तन बंदिस्त असते. गायक त्यात कितीही मुक्तपणे हिंडला तरी समेशी त्याचा करार असतो, आणि सम कोणासाठीही थांबत नाही. कसरतपटूला मात्र थांबावेच लागते. दोरी हलली, हात घामाने ओला झाला, पकडणाऱ्याचा झोका थोडा मागे राहिला, तर तो उडी पुढच्या झोक्यावर ढकलतो. त्याची सम आधी ठरलेली नसते. ती घडावी लागते. विष्णुपंतांसारख्या दोन्ही विद्या जाणणाऱ्या पुरुषाच्या हाताखालीही ह्या दोन कला शेजारी राहिल्या आणि एक झाल्या नाहीत, ह्याचे मर्म येथे आहे.

४

बँडने हा प्रश्न कसा सोडवला हे पाहण्यासाठी झोक्यावरील कसरतीचा क्रम लक्षात घ्यावा. फ्रान्समधील झ्यूल लेओतार याने १८५९ साली पॅरिसमध्ये एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर उडी घेण्याचा खेळ प्रथम दाखवला. झोका हा एक लंबक आहे. त्याच्या हेलकाव्याचा काळ दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो, माणसाच्या वजनावर नव्हे. दोरी चार मीटर लांब धरली तर जाऊन परत येण्यास सुमारे चार सेकंद लागतात, आणि हेलकावा फार मोठा असल्यास किंचित अधिक. कसरतपटूने कितीही मनात आणले तरी त्याला ही लय दुप्पट करता येत नाही. त्याच्या तालाची मात्रा गुरुत्वाकर्षणाने बांधून दिलेली आहे. म्हणून झोक्याच्या खेळाला वॉल्ट्झची तीन मात्रांची संथ चाल सोयीची ठरली. तीन मात्रांचा चरण दोन सेकंदांचा ठेवला की एका चरणात झोका जातो आणि दुसऱ्यात परत येतो.

परंतु उडीचा क्षण अनिश्चितच राहतो. त्यासाठी बँडमास्तर एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवतो. आपल्याकडील लहरा हे त्याचे नजीकचे नातलग होय. स्वतंत्र तबलावादनात सारंगी किंवा पेटी एकच सुरावट फिरवीत राहते आणि वादक तिच्यावर आपली रचना मांडतो. फरक एवढाच की तबल्यात लहरा हा कायदा असतो आणि वादकाला समेवर यावे लागते. सर्कशीत लहरा चाकर असतो आणि झोक्यावरचा माणूस येईल तेथे त्याला सम द्यावी लागते. संगीतशास्त्रात गीत आणि ताल यांच्या आरंभाचा संबंध सम, अतीत आणि अनागत अशा ग्रहांनी सांगितला आहे. तीच परिभाषा येथे वापरावयाची तर असे म्हणता येईल की, चांगला बँडमास्तर अतीत किंवा अनागत पडलेली उडी प्रेक्षकाला सम म्हणून ऐकवतो.

अवघड उडीच्या आधी बँड एकाएकी थांबतो आणि ड्रमवर अखंड थरथर सुरू होते. ह्या थरथरीला मात्रा नसते आणि म्हणूनच ती कितीही लांबू शकते. छंदःशास्त्रातील यती वाचकाला श्वास घेऊ देतो. हा यती सबंध तंबूचा श्वास रोखून धरतो. हाताला हात मिळाला की झांज वाजते आणि मोडलेले वाक्य पुरे होते. भाषेत अर्थ शब्दांइतकाच विरामांवर आणि आघातांवर अवलंबून असतो. कसरतीच्या ‘वाक्यात’ हे काम बँड करतो. खाली बसलेल्या प्रेक्षकाला दुहेरी आणि तिहेरी कोलांटीतील फरक डोळ्यांनी नेहमीच टिपता येत नाही. कोणती उडी मोठी हे त्याला कानांनी कळते.

५

ह्याच्या उलट रचनेत संगीत आधी ठरते आणि शरीर त्यामागून जाते. १९४२ साली अमेरिकेतील रिंगलिंग सर्कशीने स्त्राविन्स्की ह्या थोर रचनाकाराकडून ‘सर्कस पोल्का’ लिहवून घेतला. बालान्शिन यांनी त्यावर पन्नास हत्ती आणि पन्नास नर्तिकांचे नृत्य बसवले. रचना कसदार होती. परंतु तिच्यातील लयीचे आकस्मिक मोड हत्तींना मानवले नाहीत असे सांगितले जाते. मैफलीत ती रचना टिकली, रिंगणात टिकली नाही. स्त्राविन्स्कीच्या कर्तृत्वाला ह्याने उणेपणा येत नाही. पानावर लिहून पूर्ण झालेली रचना समोरच्या देहासाठी थांबू शकत नाही, एवढेच त्यावरून दिसते.

एकविसाव्या शतकात ‘सिर्क द ला सिंफनी’सारख्या मंडळ्यांनी हा प्रयोग वेगळ्या प्रतिष्ठेने मांडला. सभागृहात पूर्ण वाद्यवृंद बसतो आणि त्याच्यापुढे किंवा वर रेशमी पट्ट्यांवर कसरतपटू आपली कामे करतात. प्रेक्षकाला दोन्ही कला उत्तम प्रतीच्या मिळतात, आणि सिंफनीकडे सहसा न फिरकणारा वर्ग तेथे येतो, हा लाभ लहान नाही. पण एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वाद्यवृंदाचा संचालक वादकांकडे तोंड करून उभा असतो. रंगमंचाच्या पुढील भागातील कसरतपटूकडे सामान्यतः त्याची पाठ असते. संगीत येथे शरीराकडे पाहत नाही, शरीर संगीत ऐकते. त्यामुळे कसरत सुंदर होते आणि तिच्यातील अनिश्चिततेचा अंश मात्र कमी होतो. ती नृत्याच्या जवळ जाते. हा दोष नव्हे, पण हे जात्यंतर आहे, आणि ‘सर्कस उंचावली’ ह्या शब्दांत त्याचे वर्णन करणे बरोबर नाही. तिसरा प्रकार चित्रपटाचा. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) ह्या चित्रपटात झोक्यांचे खेळ आणि वाद्यवृंद दोन्ही आहेत. पण संकलनाच्या मेजावर पडण्याची भीती उरत नाही, आणि वाट पाहणारे संगीतही तेथे अनावश्यक ठरते.

६

पाहणाऱ्या संगीताची खरी कसोटी एका दुर्घटनेत लागली. ‘सर्कस पोल्का’ ज्यांच्या बँडने वाजवला ते मर्ल इव्हान्स १९१९ ते १९६९ अशी पन्नास वर्षे रिंगलिंग सर्कशीचे बँडमास्तर होते. पुण्याचे दामू धोत्रे ज्या सर्कशीत १९४० च्या दशकात हिंस्र जनावरांचे शिक्षक म्हणून गाजले, तीच ही सर्कस. इव्हान्स एका हाताने कॉर्नेट वाजवीत, दुसऱ्या हाताने बँड चालवीत आणि डोळे रिंगणावर ठेवीत. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्ड येथे चालू खेळात तंबूला आग लागली, तेव्हा ती त्यांच्या तत्काळ लक्षात आली आणि त्यांनी संकटाचा संकेत म्हणून राखून ठेवलेली कूच वाजवावयास सांगितली. सर्कशीतील माणसांना इशारा मिळाला. त्या आगीत दीडशेहून अधिक माणसे मरण पावली; इशारा मिळाला नसता तर हा आकडा कोठे गेला असता ह्याची कल्पनाच केलेली बरी.

भारतीय सर्कशीची आजची स्थिती ह्या संदर्भात पाहावयास हवी. वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबट्या यांच्या खेळांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. २०११ साली त्याच न्यायालयाच्या निर्णयाने सर्कशीत बालकांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. दोन्ही निर्णय न्याय्य आहेत, आणि डोंबाऱ्याच्या दोरीवरील मुलीकडे पाहतानाही दुसऱ्या निर्णयामागील विचार विसरता येणार नाही. ढोलके कितीही सावध असले तरी ते लहान मुलीला दोरीवर चढवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. ह्या निर्णयांनंतर सर्कशीचा भार प्रौढ कसरतपटूंवर येऊन पडला आहे. नेमक्या ह्याच काळात अनेक तंबूंतून बँड उठला आणि ध्वनिमुद्रित गाणी आली. आजच्या यंत्रांत एखादा तुकडा फिरवत ठेवण्याची सोय आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे. परंतु तुकडा केव्हा फिरवावा आणि केव्हा सोडावा हे ठरवण्यासाठी कोणीतरी सतत वर पाहत राहावे लागते, आणि तसे पाहणारा मनुष्य बसवला की तो पुन्हा वादकच होतो. प्रश्न यंत्राचा नसून नजरेचा आहे. बँड काढताना पगार वाचवला असे मालकाला वाटते. वास्तविक त्याने एक जोडी डोळे कमी केलेले असतात.

खानदेशातील अभ्यासकांना ह्या विषयात करण्याजोगे काम जवळच आहे. जळगाव-धुळ्याच्या लग्नांच्या वरातींत अहिराणी गीते वाजवणारे बँड वरातीच्या पावलाकडे पाहून लय वाढवतात, थोपवतात, एखादे कडवे लांबवतात. ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे हे कौशल्य मागे पडत आहे. थांबणे, फिरवणे, उचलणे, सोडणे ह्या क्रियांना ह्या वादकांच्या, डोंबाऱ्यांच्या आणि सर्कशीतील जुन्या बँडवाल्यांच्या बोलण्यात कोणते शब्द आहेत, ह्याचा संग्रह झाला पाहिजे. मराठी कोशांनी ह्या व्यवसायांच्या बोलीला फारशी जागा दिलेली नाही. रहिमतखाँचा आवाज अखेरच्या काळातील ध्वनिमुद्रिकांत उरला. त्यांच्या मुक्कामाशेजारच्या रिंगणात ज्यांनी वाजवले त्यांची नावेही उरली नाहीत. आज हयात असलेल्या वादकांकडून त्यांचे शब्द उतरवून घेणे हे त्यांच्या मागून संशोधन करण्यापेक्षा सोपे आहे.