आधी प्रश्न, मग पाठ

ऑनलाइन शिक्षणाची चर्चा आपल्याकडे इंटरनेटचा वेग आणि व्हिडिओचा दर्जा यांभोवतीच फिरते. पाठ रचला कसा, हे कोणी विचारत नाही. म्हणून एम. डेव्हिड मेरिल यांनी २००२ साली मांडलेली अध्यापनाची मूलतत्त्वे मला मोलाची वाटतात. शिकणाऱ्यापुढे आधी खऱ्या कामातला प्रश्न ठेवावा. मग त्याचे पूर्वज्ञान जागवावे, प्रश्न सोडवून दाखवावा, त्याच्याकडून सोडवून घ्यावा आणि शिकलेले त्याच्या व्यवहारात उतरवावे, असा त्यांचा आशय.

या विचाराला पुष्टी देणारी एक चाचणी थॉमसन नेटजी या प्रशिक्षण कंपनीने २००२ मध्ये घेतली. विषय होता एक्सेल. एका गटाला आज्ञा एकेक करून शिकवल्या. दुसऱ्याला चढत्या क्रमाने अवघड होणारी कामे करता करता. शेवटी सर्वांना खरीखुरी तीन कामे दिली. दुसऱ्या गटाला सरासरी ८९ टक्के गुण मिळाले, पहिल्याला ६८, तर न शिकलेल्यांना ३४. चाचणी घेणारी कंपनी स्वतःच अभ्यासक्रम विकणारी होती, हे विसरून चालणार नाही. परीक्षा दुसऱ्या गटाच्या सोयीची होती, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. कचेरीत आज्ञा पाठ म्हणून दाखवायच्या नसतात, हिशोब उभा करायचा असतो.

तरीही ‘आधी प्रश्न’ म्हणजे विद्यार्थ्याला प्रश्नासह एकटे सोडणे नव्हे. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेले प्रयोग दाखवतात, की नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासणे अधिक फळते. मेरिलही आधी भरपूर मार्गदर्शन आणि मग हळूहळू हात सोडणे सुचवतात.

नेमके हेच हजारोंच्या वर्गात गळते. मार्गारियन, बियान्को आणि लिटलजॉन यांनी २०१५ मध्ये ७६ खुले ऑनलाइन अभ्यासक्रम प्रामुख्याने मेरिलच्या तत्त्वांवर तपासले. साहित्याची मांडणी नीटस, पण अध्यापनाची रचना बहुतेकांत दुबळी, असा त्यांचा निष्कर्ष. पर्यायी प्रश्नांच्या चाचणीत यंत्र बरोबर उत्तरे मोजते. विद्यार्थी कोणत्या पायरीवर घसरला, हे त्याला कळत नाही.

जवळ शिक्षक असलेल्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. ज्याच्यापाशी फक्त मोबाइल आहे, त्याच्या हाती मात्र प्रमाणपत्र येते, काम येत नाही. ऑनलाइन शिक्षणाचे यश मी त्याच्यावरूनच मोजीन.