सोल नावाची म्हातारी

वानरांचे रील्स तुमच्या फोनवर येत असतील, तर त्यातला एक प्रकार ओळखीचा असेल. दोन नर एकमेकांवर तुटून पडलेत, मागे ढणढण संगीत, वर पट्टी: ‘निसर्गाचा नियम’. कधीकधी शेवटी मेलेलं पिल्लू. खाली कमेंटमध्ये कुणी सावत्र बापांवर बोलतो, कुणी ‘पुरुषाची मूळ वृत्ती’ समजावून सांगतो. हे अर्धवट शहाणपण कुठून आलं याचा माग काढत गेलं, की बऱ्याचदा माउंट अबूला पोहोचायला होतं. तिथे जे पुस्तक भेटतं, ते या कमेंटवाल्यांपैकी कुणी उघडलं असेल असं मला वाटत नाही.

सेरा ब्लॅफर हर्डी यांचं ‘द लंगूर्स ऑफ अबू’ १९७७ साली हार्वर्डच्या प्रकाशनगृहाने काढलं. उपशीर्षकात ‘मादी आणि नर यांच्या प्रजननाच्या युक्त्या’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मादी आधी, नर नंतर. त्या काळच्या वानरशास्त्रात हा क्रम सहज आलेला नव्हता, आणि पुस्तक वाचताना तो पानोपानी जाणवतो.

थोडं मागे जाऊ. (आणि एक गोष्ट आधीच सांगतो: लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. मराठीने हा फरक नीट जपलाय, आपणही जपू.) फिलिस जे यांनी उत्तर आणि मध्य भारतात वानरांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसल्या त्या शांत, निवांत टोळ्या. मग १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडला आले. जी. ए. कुलकर्णी ज्या धारवाडात तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, त्याच गावाच्या आसपासच्या रानात सुगियामांना वेगळंच काही दिसलं. बाहेरच्या नरांनी टोळीवर हल्ला केला, जुन्या नराला हाकललं, त्यांच्यातला एकच टिकला आणि टोळीतली तान्ही पिल्लं मारली गेली. सुगियामांनी पुढे एका टोळीतला एकमेव प्रौढ नर मुद्दाम काढून पाहिला. शेजारचा नर आला, आणि पुन्हा तेच.

याचा अर्थ काय लावायचा? तेव्हाचं लोकप्रिय उत्तर होतं गर्दी. जागा कमी पडली की प्राणी बिथरतो. १९७१ साली अबूला आलेल्या, हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या हर्डीही हीच कल्पना घेऊन आल्या होत्या. पण गर्दी असलेल्या टोळ्यांतही मोठे नर पिल्लांशी सहनशीलपणे वागताना दिसले. पिल्लं त्यांच्या अंगावर उड्या मारत. हल्ले करत होते ते बाहेरून आलेले नर. मग त्यांनी प्रश्न बदलला, आणि माझ्या मते पुस्तकाचं खरं मोल या बदलात आहे.

हिशेब असा. वानरी अंगावर पाजत असते तोवर ती सहसा माजावर येत नाही. दोन बाळंतपणांत साधारण दोन वर्षं जातात. अबूमध्ये एका नराचा टोळीतला काळ होता सरासरी सव्वादोन वर्षांच्या आसपास. म्हणजे नवा आलेला नर पिल्लं मोठी होण्याची वाट पाहत बसला, तर त्याची पाळी येईपर्यंत त्याला हाकलणारा दारात उभा. तान्हं पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. पिल्लू त्याचं नाही, पुढचं त्याचं असेल. नर हे गणित मांडतो असं कुणी म्हणत नाही. तसं वागणाऱ्यांची संतती जास्त उरली, एवढंच म्हणणं आहे.

रील्स इथे संपतात. पुस्तक इथे सुरू होतं.

कारण पुढचा प्रश्न आहे: मग माद्या काय करतात? आधीच गाभण असलेल्या काही माद्या नव्या नरापुढे माजाची लक्षणं दाखवतात, त्याच्याशी जुगतात. आपल्या पिल्लाचा बाप कोण, याचा गोंधळ उडाला तर पिल्लू वाचण्याची शक्यता वाढते, असा हर्डींचा तर्क. आणि मग सोल येते. हिलसाइड टोळीतली म्हातारी मादी, स्वतःला पिल्लं होणं थांबलेली, एरवी टोळीच्या कडेकडेने राहणारी. मग नावाचा नर इच नावाच्या मादीच्या पिल्लामागे लागतो तेव्हा पुढे धावते ती ही सोल, पॉलेस नावाच्या दुसऱ्या मादीला सोबत घेऊन. अंगाने कितीतरी मोठ्या, तीक्ष्ण सुळ्यांच्या नराच्या अंगावर जाते. पुन्हा पुन्हा.

हा भाग वाचताना मी थांबलो. भावूक होऊन नव्हे (तेही झालो असेन), तर लिहिण्याची पद्धत पाहून. हर्डी सोलला वीरमाता करत नाहीत. टोळीतल्या माद्या बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या असतात, म्हातारीला स्वतःचं काही गमवायचं उरलेलं नसतं, म्हणून धोका पत्करणं तिला परवडतं, असा कोरडा खुलासा त्या देतात. त्या कोरडेपणामुळे प्रसंग आणखी लागतो.

पुस्तकातलं खटकणारंही सांगितलं पाहिजे. प्राण्यांना नावं देणं ओळखीसाठी ठीक, पण ‘शिफ्टी’ म्हणजे लबाड, असं नाव एकदा ठेवलं की वाचक त्या नराकडे निर्मळ नजरेने बघू शकत नाही. ‘चढाई’, ‘गादी बळकावणं’ अशी भाषा अख्ख्या विषयाला दरबारी कारस्थानाचा वास लावते. शिवाय पुराव्याची बाजू. अबूत हल्ले डोळ्यांनी दिसले, पण बरीच पिल्लं नाहीशी झाली ती निरीक्षकाच्या नजरेआड. फिलिस डोल्हिनो (आधीच्या जे) आणि इतर टीकाकारांनी यावर बोट ठेवलं: माणसांच्या वस्तीलगतच्या, बिघडलेल्या परिस्थितीतल्या टोळ्यांवरून एवढा निष्कर्ष कसा? प्रश्न रास्त होता. उत्तराचा मोठा भाग १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरहून आला. कॅरोला बोरीस आणि सहकाऱ्यांनी विष्ठेतून डीएनए तपासला. हल्लेखोर नर मारल्या गेलेल्या पिल्लांचे बाप नव्हते. त्याच माद्यांच्या पुढच्या पिल्लांचे बहुधा होते.

मराठी वाचकाला इथे व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ आठवणारच. १९८२ची ही छोटी कादंबरी, पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार. वानरटोळ्यांचीच गोष्ट. माडगूळकर वानरांच्या तोंडी माणसांची भाषणं घालत नाहीत, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं यश वाटतं. पण शीर्षकाशी माझं भांडण आहे. ‘सत्तांतर’ म्हटलं की नजर गादीवर जाते. आणीबाणीनंतरच्या वाचकाची तर जाणारच. आजच्या महाराष्ट्रातल्याची तर विचारूच नका. पण हर्डी वाचून झाल्यावर पुन्हा ‘सत्तांतर’ उघडलं, तर दिसतं की नर येतात आणि जातात. झाडं, पाणवठे, हद्द यांसकट टिकून राहतात त्या माद्या, आयांकडून लेकींकडे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हे सत्तांतर नाहीच. दर काही वर्षांनी येणारं संकट आहे.

आता त्या कमेंटवाल्यांकडे. वानराच्या उदाहरणाने माणसाचं काहीही ‘नैसर्गिक’ ठरवणाऱ्यांनी आपल्याकडचंच एक वास्तव शेजारी ठेवून पाहावं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने. का करावा लागला? कारण इथे मुली नाकारत होतं त्यांचं स्वतःचं घर. वानर परक्याचं पिल्लू मारतो, आणि त्याच्या हिशेबाला ते नर की मादी याने फरक पडत नाही. आपण आपलंच, लिंग बघून, हुंड्याचा आणि वंशाच्या दिव्याचा विचार करून. दोन्हींना ‘बालहत्या’ हा एकच शब्द लावला की दोन्ही समजत नाहीत. एकाचं कारण दुधात आणि माजाच्या चक्रात आहे, दुसऱ्याचं जमिनीच्या सातबाऱ्यावर आणि लग्नाच्या याद्यांत.

हर्डी पुढे आईपणाकडे वळल्या. ‘मदर नेचर’ १९९९चं, ‘मदर्स अँड अदर्स’ २००९चं. त्याचं बीज अबूच्या पुस्तकातच आहे: जन्मल्या दिवसापासून वानराचं पिल्लू टोळीतल्या इतर माद्यांच्या हातात फिरतं, कुणी नीट धरते, कुणी उलटं लटकवते, आई तेवढ्यात चार पानं खाऊन घेते. मारामारीच्या प्रकरणांवरून पानं भराभर उलटलीत तरी चालेल, पण हा भाग सावकाश वाचा. आणि सोलचा.