राउटरची समुदाय-चिन्हे : संकेत आणि व्याकरण

ऑगस्ट १९९६ मध्ये चंद्रा, ट्रेना व ली यांनी सिद्ध केलेला ‘आरएफसी १९९७’ हा लेख आकाराने लहान आहे. परंतु इंटरनेटवरील मार्गांची गाळणी आजही बऱ्याच अंशी त्याच्या आधारे चालते. स्वायत्त जाळी बॉर्डर गेटवे प्रोटोकॉलद्वारे परस्परांस मार्ग कळवितात. अशा मार्गास ‘कम्युनिटी’ नावाचे ३२ बिटांचे चिन्ह जोडावे आणि पुढील राउटरने पत्त्यांची लांब यादी न तपासता त्या चिन्हावरूनच मार्ग स्वीकारावा वा अडवावा, ही त्यातील मूळ कल्पना होय.

या चिन्हाची रचना भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परिचित वाटेल. पहिले १६ बिट परिभाषा कोणत्या जाळ्याची हे सांगतात. उरलेल्या १६ बिटांचा अर्थ ते जाळे ठरविते. म्हणजे अर्थ सर्वस्वी सांकेतिक आहे. ‘१००’ हा अंक एका जाळ्याच्या परिभाषेत ‘ग्राहकाकडून आलेला मार्ग’ अशी माहिती देईल, तर दुसऱ्याच्या परिभाषेत ‘हा मार्ग गौण समजा’ अशी आज्ञा करील. विधान व आज्ञार्थ यांत येथे रूपभेदच नाही. ‘नो-एक्स्पोर्ट’सारखी सर्वमान्य चिन्हे मोजकीच आहेत.

लेखाचा खरा दोष मात्र शब्दसंग्रहात नसून व्याकरणात आहे. आलेली चिन्हे स्थानिक धोरणानुसार बदलता येतील, एवढेच तो सांगतो. बदल म्हणजे भर घालणे की जुने पुसणे, याचा निर्णय तो करीत नाही. परिणामी एकच क्रियापद निरनिराळ्या यंत्रांत निरनिराळे वागते. सिस्कोच्या आयओएसमध्ये ‘सेट कम्युनिटी’पुढे ‘ॲडिटिव्ह’ हा शब्द राहून गेला, तर पूर्वीची चिन्हे नाहीशी होतात. जुनॉसमध्ये ‘सेट’ सर्व चिन्हे पुसते. आयओएस एक्सआर काही सर्वमान्य चिन्हे राखून ठेवते. ‘नो-एक्स्पोर्ट’ असे पुसले गेले, तर शेजारच्या जाळ्यापुरता दिलेला मार्ग जगभर पसरू शकतो.

फेब्रुवारी २०१७ च्या ‘आरएफसी ८०९२’ने ९६ बिटांची चिन्हे आणून ३२ बिटी जाळेक्रमांकांची अडचण दूर केली, क्रियापदाचा प्रश्न तसाच राहिला. ऑगस्ट २०१९ च्या ‘आरएफसी ८६४२’ने ही विसंगती नोंदविली, परंतु रूढ झालेले वर्तन न बदलता उत्पादकांनी ते स्पष्ट लिहून ठेवावे, असाच मार्ग पत्करला. चालू जाळ्यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचे असले, तरी त्यामुळे सामाईक व्याकरणाच्या जागी बोलींचा कोशच हाती येतो. संकेत ठरविणाऱ्यांनी नामांइतकीच क्रियापदांचीही व्याख्या करणे अगत्याचे आहे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.