ग्रिफिथ्स, जॉन
(१८३७–१९१८). मुंबईत दीर्घकाळ वास्तव्य केलेला वेल्श चित्रकार, कलाशिक्षक व अजिंठा येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याच्या कार्याचा प्रमुख. जन्म वेल्समध्ये. लंडनमधील साउथ केन्झिंग्टन येथे कलाशिक्षण घेतल्यानंतर १८६५ मध्ये तो मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (स्थापना १८५७) चित्रकलेचा अध्यापक म्हणून रुजू झाला. पुढे तो त्या संस्थेचा प्राचार्य झाला. १८९५ मध्ये सेवानिवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. तैलरंग व जलरंग या दोन्ही माध्यमांत त्याने काम केले. त्याची कीर्ती मुख्यत्वे अजिंठ्याच्या प्रतिकृतींवर अधिष्ठित असली, तरी भारतीय लोकजीवनावरील त्याची चित्रेही स्वतंत्र विचारास पात्र आहेत.

लोकजीवनचित्र हा यूरोपीय चित्रकलेतील रूढ प्रकार आहे. बाजार, पाणवठा, देवालय, घरकाम यांसारखे नित्याचे प्रसंग आणि त्यांत वावरणारी सामान्य माणसे हा त्याचा विषय. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये व्यापारीवर्गाच्या मागणीमुळे तो भरभराटीस आला. चित्र आगाऊ कोणी सांगून करवून घेतलेले नसे ते विक्रीसाठी मांडले जाई आणि गिऱ्हाईक ते आपल्या घरी लावण्यासाठी विकत घेई. भारतात आलेल्या यूरोपीय चित्रकारांनी हा प्रकार येथे आणला. बाल्टाझार सॉल्व्हिन्स (१७६०–१८२४) या फ्लेमिश चित्रकाराने कलकत्त्यातील विविध जातिजमाती, व्यवसाय व उत्सव यांवरील अम्लरेखनांचा संग्रह अठराव्या शतकाच्या अखेरीस विक्रीस काढला. त्याला अपेक्षित यश लाभले नाही. दूरच्या देशातील माणूस ‘नमुना’ म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र अशा संग्रहांतून रूढ झाली.

ग्रिफिथ्सची लोकजीवनचित्रे याच परंपरेत मोडतात. डोक्यावर मासा घेतलेली मुंबईची स्त्री, मंदिराच्या पायऱ्या (१८९३) यांसारखे त्याचे विषय शीर्षकांतूनच स्पष्ट होतात. अशा चित्रांतील व्यक्ती तिच्या व्यवसायाने, वेशाने वा स्थळाने ओळखली जाते. तिला नाव नसते आणि तिचा पूर्वेतिहासही प्रेक्षकाला कळत नाही. शरीररचनेचा अभ्यास व निरीक्षणाची शिस्त ही ग्रिफिथ्सच्या प्रशिक्षणाची देणगी होय. तथापि मूळ प्रेक्षक व ग्राहक बव्हंशी यूरोपीय असल्यामुळे परिचित माणसाचेही अपरिचित, नयनरम्य दृश्य बनविण्याकडे या प्रकाराचा कल राहिला. ही मर्यादा ग्रिफिथ्सलाही सर्वस्वी ओलांडता आली नाही.

या मर्यादेवरचा उतारा त्याला मराठवाड्यात सापडू शकला असता. त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांत मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे राहून मोठ्या आकाराच्या प्रतिकृती तयार केल्या होत्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबई सरकारने हे काम ग्रिफिथ्सकडे सोपविले. १८७२ ते १८८५ या काळात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सुमारे ३०० चित्रे सिद्ध झाली. लंडनमध्ये साठविलेल्या त्यांपैकी शंभरांहून अधिक चित्रे १८८५ मधील दुसऱ्या आगीत नष्ट झाली. उर्वरित साहित्यावर आधारलेला त्याचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

अजिंठ्यातही लोकजीवन विपुल आहे. सतराव्या लेण्याच्या ओवरीतील भवचक्रात नित्य व्यवहारांची दृश्ये आहेत त्याच लेण्यात प्रसाधन करणारी राजस्त्री आहे. परंतु तेथील माणूस कथेचा घटक असतो व त्याच्या मुद्रेत आणि हस्तविन्यासात त्या कथेतील भाव उमटतो. सोळाव्या लेण्यातील ‘मरणासन्न राजकन्या’ या चित्राविषयी लिहिताना ग्रिफिथ्सने भावाभिव्यक्तीच्या बाबतीत त्याला फ्लॉरेन्स व व्हेनिसच्या चित्रकारांहून कमी लेखले नाही. त्याची मर्मदृष्टी यावरून दिसते. मात्र जे त्याने समीक्षक म्हणून ओळखले, ते चित्रकार म्हणून आत्मसात केल्याचे त्याच्या लोकजीवनचित्रांत फारसे जाणवत नाही. भिंतीवरील चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्याच्या पथकाने दिलेला रोगणाचा थरही कालांतराने मूळ चित्रांना अपायकारक ठरला.

ग्रिफिथ्सच्या कार्याचे खरे फलित त्याच्या विद्यार्थ्यांत पाहावे लागते. अजिंठ्याच्या कामात सहभागी असलेल्या पेस्तनजी बमनजी (१८५१–१९३८) यांनी पारशी घरांतील जीवन चित्रविषय केले. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मराठी कुटुंबातील प्रसंग रंगविले. तंत्र तेच राहिले, पण चित्रकार आपल्याच घराच्या उंबरठ्याच्या आतून पाहू लागला. त्यामुळे ‘नमुना’ मागे पडून ओळखीची माणसे चित्रांत आली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून अशा चित्रांना पारितोषिके, रसिक व गिऱ्हाइकेही लाभत गेली.

सरकारी खर्चाने झालेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतींपैकी उरलेल्या चित्रांचा मोठा भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सुरक्षित आहे. भारतात वास्तव्य केलेल्या यूरोपीय चित्रकारांची विक्रीसाठी झालेली लोकजीवनचित्रे मात्र खाजगी घरांत विखुरली व अधूनमधून लिलावांत पुढे येतात. त्यांची किंमत चित्रकाराचे नाव, विषयाची रम्यता व चित्राची स्थिती यांवर ठरते. त्यांचे मूल्य ठरविताना मात्र आणखी एक कसोटी लावावी लागते : चित्रातील व्यक्ती विकत घेणाऱ्याच्या नजरेसाठी उभी केली आहे, की स्वतःच्या कामात मग्न आहे. पहिल्या प्रकारची चित्रे त्या काळच्या आवडीनिवडीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात दुसऱ्या प्रकारची चित्रे कलाकृती म्हणून टिकतात. ग्रिफिथ्सच्या चित्रांत हे दोन्ही गुणधर्म कमीअधिक प्रमाणात एकत्र आढळतात आणि म्हणूनच पश्चिम भारतातील आधुनिक चित्रकलेच्या प्रारंभकाळाच्या अभ्यासात ती उपेक्षणीय ठरत नाहीत.