न दिसणारे दुखणे आणि दोन पुस्तके

संतचरित्रे हा आपल्या ख्रिस्ती घरांतील वाचनाचा जुना ठेवा. त्यांत रुग्णशय्येवरील संतांना मानाचे स्थान आहे. परंतु आजाराविषयी ही चरित्रे काय सांगतात आणि काय गाळतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. हॉलंडमधील स्खीडाम गावच्या संत लिडविनाचे (१३८०–१४३३) चरित्र या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे. 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट'चे कर्ते थॉमस ए केम्पिस यांनीही ते लिहिले आहे.

किशोरवयात लिडविना बर्फावर पडली व तिची बरगडी मोडली. पुढे चालणे दुरापास्त झाले, दृष्टी अधू झाली, आणि सुमारे अडतीस वर्षे तिने अंथरुणावर काढली. तिला 'मल्टिपल स्क्लेरॉसिस', म्हणजे एम. एस., असावा, असा तर्क १९७९ मध्ये एका वैद्यकीय लेखात मांडला गेला. साडेपाच शतकांनंतर केलेले निदान तर्कच राहणार. तथापि त्यामुळे हे चरित्र नव्याने वाचावेसे वाटते. चरित्रकारांची लेखणी जखमा, उपवास आणि दिव्य दर्शने यांत रमते. जे डोळ्यांना दिसते किंवा डोळे दिपवते, तेच त्यांना लिहिण्यालायक वाटते. दिवसामागून दिवस अंगात भरून राहणारा थकवा त्यांच्या लेखणीला सापडत नाही. एक प्रसंग मात्र त्यांनी टाळला नाही. गावच्या धर्मगुरूचा लिडविनावर विश्वास नव्हता आणि त्याने तिला परीक्षेसाठी पवित्र न केलेली साधी भाकर दिली, असे ते सांगतात. आम्हां धर्मगुरूंना हे पान सहज उलटता येऊ नये.

संतचरित्रात जे निसटले, ते एका अश्रद्ध माणसाच्या रोजनिशीत सापडते. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात काम करणाऱ्या ब्रूस कमिंग्ज या तरुणाने 'बार्बेलियन' या टोपणनावाने 'द जर्नल ऑफ अ डिसअपॉइंटेड मॅन' हे पुस्तक १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याला एच. जी. वेल्स यांची प्रस्तावना आहे. रोगाला नाव मिळण्यापूर्वीची अनिश्चितता या पुस्तकात जशी उतरली आहे, तशी अन्यत्र क्वचितच आढळते. १९१५ मध्ये सैन्यभरतीच्या तपासणीसाठी जाताना डॉक्टरांनी दिलेले बंद पत्र त्याने परतीच्या वाटेवर आगगाडीत उघडले, आणि आपल्याला काय झाले आहे ते त्याला त्या कागदावरून कळले. त्याच्या वाग्दत्त वधूला ते विवाहापूर्वीच सांगण्यात आले होते; अंधारात होता तो एकटा रुग्ण. पुस्तकात दोषही आहेत. लेखक स्वतःभोवती फार घोटाळतो, आणि शेवटी स्वतःच्या मृत्यूची खोटी नोंद जोडतो. वस्तुतः तो पुस्तक निघाल्यानंतर काही महिन्यांनी वारला. तरीही ज्याला बाहेरून पुरावा नाही, अशा वेदनेला त्याने शब्द दिले, हे श्रेय त्याचेच.

आमच्या उपनगरांतील वाचकांना या पुस्तकांचे काय, असे कोणी विचारील. एम. एस. मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंच्या आवरणावरच उलटते. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, तो सुरू होतो. उष्णता वाढली की इजा झालेल्या तंतूंतून संदेश नीट वाहत नाहीत. म्हणून घाटकोपरच्या पत्र्याखालील घरात मे महिन्याच्या दुपारी गळून गेलेली सून रात्री गारव्यात सावरते, आणि घरचे म्हणतात, कामाच्या वेळीच हिला कसे दुखते! बोरिवलीच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट दिसणारी मुलगी बसली, तर नजरा तिच्यावर रोखल्या जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या रोगास स्थान दिले खरे. परंतु सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि थकवा टक्क्यांत मोजणे सोपे नाही.

बार्बेलियनच्या काळी निदान लवकर झाले असते, तरी हाती औषध नव्हते. आज एमआरआय आहे. रोग समूळ जात नसला, तरी त्याचे झटके कमी करणारी व पुढची हानी लांबवणारी औषधे आहेत, आणि ती लवकर सुरू करण्यात हित आहे. एका डोळ्याने अकस्मात अंधूक दिसणे व तो हलवताना दुखणे, हातापायाला दिवसेंदिवस टिकणारा बधिरपणा, तोल जाणे, यांना 'अशक्तपणा' म्हणून टॉनिकवर भागवू नये, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांच्या पाठीशी उभी आहे. लग्न जमणार नाही या धास्तीने निदान दडवणाऱ्या, किंवा खुद्द रुग्णापासूनच ते लपवणाऱ्या कुटुंबांनी आगगाडीतले ते पत्र आठवावे.

आजाराची कथा कशी सांगावी, याचा उत्तम नमुना आम्हांस संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात आढळतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीचे दुखणे गर्दीत कोणालाच दिसत नव्हते. तिने वैद्यांपायी सर्वस्व वेचले, तरी गुण आला नाही, हेही मार्क गाळत नाही. याइराची मुलगी मरणाच्या दारी असतानाही प्रभू वाटेत थांबला आणि त्या स्त्रीने आपली सारी हकीकत सांगितली. प्रभूने तिच्याजवळ पुरावा मागितला नाही. आपल्या घरातील कोणी 'मला बरे वाटत नाही' असे म्हटले, तर तिचे बोलणे पुरते होईपर्यंत थांबणे, एवढे तरी आपल्याला साधावे.